चार खोट्या तक्रारी

चाकूर

ऋतुजा,

तू लातूरच्या सर्व्हिस सेंटरात होतीस तेव्हा "इंजिनात आवाज येतोय" म्हणून मी चारदा गाडी आणली. तू हसून लिहून घ्यायचीस. आवाज-बिवाज काही नव्हता. तुला बघायला यायचो.

वर्षाच्या आत इंजिन खरंच बसलं. माझंच न्हाई, तीच गाडी घेतलेल्या आम्हा अकरा जणांचं. भरपाईसाठी कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात गेलोय. तुझ्या अक्षरातले कागद बघून वकील लई खूश. "पहिल्या महिन्यापासून तक्रार! यावरच जिंकू. शपथपत्रावर सही कर."

मी म्हणलो, "त्या चारही खोट्या हायत."

सटवाजीकाकांची गाडीही बसलीय. ते भडकले, "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, आता आम्हालाबी सोड!"

मीही तापलो, टेबलावर हात आपटला. पण खोटी सही केली असती, तर साक्षीला तुलाच बोलावलं असतं.

"मग खरा आवाज कधी आला?" वकिलानं विचारलं.

तारीख पाठ हाय. तुझी नांदेडला बदली झाल्याचं काउंटरवर कळलं, तसाच निघालो, आणि वाटेत इंजिन ठोकायला लागलं. शपथपत्रात तीच तारीख दिली. तेव्हाच परत फिरून तक्रार का न्हाई लिहिली, तेवढं कुणाला सांगितलं न्हाई.

तुझा नांदेडचा पत्ता अजून कुणाला न विचारलेला,
भागवत