टिलबर्गची टाकी

१८ जानेवारी २०२५, शनिवार

बादलीचं झाकण उघडलं आणि लगेच कळलं — गेली. वर पांढरी, सुरकुतलेली साय. वास शिळ्या ताकाचा. गंधार स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाला, "निशी, ही बिअर आहे की कढी?" मी हसले नाही. नंतर हसले.

सगळी बेसिनमध्ये ओतली. बिअर बनवायचा माझा दुसरा प्रयत्न. पहिला जेमतेम पिण्यासारखा झाला होता, हा तेवढाही नाही.

चूक माझीच. मागच्या वेळी प्लॅस्टिकची बादली भांड्यांच्या हिरव्या घासणीनं खसाखसा घासली. बिअरचं सामान मिळतं त्या दुकानातला माणूस फोनवर म्हणाला, आतून बारीक ओरखडे पडले असणार, त्यात जंतू लपतात, मग कितीही जंतुनाशक औषध घाला. प्लॅस्टिक मऊ फडक्यानंच पुसायचं असतं. हे आधी का नाही सांगितलं!

ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते. त्या चुकांना वास नसतो, चव नसते. इथे सगळं नाकाशी येतं. म्हणून सोडवत नाही बहुतेक.

आता काच. काचेला ओरखडे पडत नाहीत.

१ फेब्रुवारी, शनिवार

काचेची बाटली आली! केवढी मोठी! गंधार म्हणाला, यात एखादा लहान मुलगा मावेल.

सकाळपासून मोड आणून भाजलेल्या जवांचं माल्ट उकळत होतं, घरभर भाजलेल्या बिस्किटांचा वास. निवल्यावर बाटलीत ओतलं, अगदी गळ्यापर्यंत. यीस्ट टाकलं, बूच, बुचात पाण्याची नळी — आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. उजेड लागला तर बिअरला घाण वास येतो, म्हणून गंधारचा जुना काळा टी-शर्ट चढवला तिला. कोपऱ्यात डोकं नसलेला पाहुणा बसल्यासारखा दिसतोय.

२ फेब्रुवारी, रविवार

बुडबुडे!! टी-शर्ट वर करून बघतेय सारखी. आत नुसतं घुसळण चाललंय. असं आतलं दिसणं बादलीत कुठे होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

घरूनच काम होतं. मीटिंगमध्ये बोलत असताना मागे फटकन आवाज. फेसानं नळी बंद झाली, आत वायू कोंडला आणि बूच उडालं. छतावर तपकिरी फेस, पडद्यावर फेस. गळ्यापर्यंत भरायची नसतेच, फेसाला जागा ठेवायची असते. आत्ता वाचलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मी ती ओली बाटली उचलून बाथरूममध्ये न्यायला गेले. गंधार म्हणाला, "थांब, दोघं धरू." थांबले नाही. हातातून निसटली. काच सगळीकडे, आणि गंधार अनवाणी.

पाय बराच कापला. डॉक्टरांकडे टाके घातले. डॉक्टर विचारत होती कशानं लागलं, तर तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बिअर." तिला वाटलं प्यायलाय.

घरी आल्यावर मात्र शांतपणे म्हणाला, "काच नको आता घरात." तो कधी ओरडत नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

९ फेब्रुवारी, रविवार

छत पुसलं. डाग जात नाही. बिअरचं नाव काढलं नाही आठवडाभर. त्यानंही नाही.

५ मार्च, बुधवार

ऑफिसात असताना गंधारचा मेसेज. नुसती लिंक. उघडली — जुन्या सामानाची जाहिरात, टिलबर्गहून. स्टीलची टाकी! तीन पायांवर उभी, खाली निमुळती होत गेलेली, टोकाला नळ. यीस्ट तळाशी बसलं की नळ उघडून काढून टाकायचं, बिअर वरच्या वर स्वच्छ. मी हिच्याबद्दल नुसतं वाचत आले होते.

लिंकखाली त्यानं लिहिलं होतं — "ही फुटत नाही."

बाथरूममध्ये जाऊन थोडं रडून घेतलं. मग जाहिरात देणाऱ्या बाईंना फोन केला.

८ मार्च, शनिवार

टिलबर्गला जाऊन आलो. बाईंचं नाव रीत. मराठीत रीत! पंच्याहत्तरीच्या असतील. गॅरेजमध्ये सगळं विकायला काढलेलं — शिडी, करवती, सायकली, मागे ती टाकी, चादर घातलेली. चादर काढली तर आत तोंड दिसेल इतकी लखलखीत.

माझं डच बेताचंच. त्या हळू बोलत होत्या. "माझा नवरा बनवायचा. चाळीस वर्षं." पुढचं बोलल्या नाहीत. मी त्यांच्या दंडाला हात लावला, वाईट वाटलं म्हणाले. त्या म्हणाल्या, "हो, अवघड जातं." घर विकून त्या फ्लॅटमध्ये जाणार आहेत.

नळ कसा सुटा करायचा, रबरी रिंग कशी बघायची, सगळं दाखवलं. नवऱ्याचं बघून बघून आलं म्हणे. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "एक अट. पहिल्या बिअरची एक बाटली मला आणून द्यायची." शंभर देईन!

गाडीत मागची सीट पाडून तिला आडवी घातली. वाटेत कापेल गाव येईपर्यंत मी मागे वळून बघत होते.

१५ मार्च, शनिवार

नळ सुटा केला, औषधात बुडवला, परत बसवला. आधी नुसतं पाणी भरून पाहिलं, गळत नाही. मग बिअर. वर फेसाला जागा ठेवली — शिकले! टाकी इस्त्रीच्या खोलीत, हीटरजवळ. उबेत यीस्ट खूश राहील.

१७ मार्च, सोमवार

आतलं काही दिसत नाही. कान लावून ऐकलं. गंधारही वाकला, कापलेला पाय अजून जपत. "उकळतंय की," म्हणाला. दोघं तिथेच फरशीवर बसून चहा प्यायलो.

२९ मार्च, शनिवार

खालचा नळ उघडला. दाट, पिवळट यीस्ट बाहेर, आणि मागून स्वच्छ तांबूस धार! गंधारला हाक मारली तर तो दात घासता घासता धावत आला.

५ एप्रिल, शनिवार

बाटल्या भरल्या. आता नुसती वाट बघायची.

२६ एप्रिल, शनिवार

इथल्या राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, बाहेर सगळे नारिंगी कपड्यांत. आम्ही पहिली बाटली उघडली. फेस टिकला. गंधार एरवी घोटभरही घेत नाही, आज अर्धा ग्लास प्यायला आणि म्हणाला, "निशी, ही विकत घेतली असती लोकांनी." मी बनवली ही. मी!!

३ मे, शनिवार

रीतकडे बाटली घेऊन गेले. ट्रेननं, एकटीच. त्यांनी बाटली घेतली, उघडली नाही. पिशवीत ठेवली, कोट घातला, म्हणाल्या, "ये माझ्याबरोबर." मला वाटलं, दफनभूमीत.

एका शुश्रूषागृहात घेऊन गेल्या. खिडकीशी चाकाच्या खुर्चीत एक उंच म्हातारा माणूस. रीत म्हणाल्या, "हा तोन. माझा नवरा."

त्याला सप्टेंबरात अर्धांगाचा झटका आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी येणं नाही. म्हणून घर, म्हणून गॅरेज. "बनवायचा" म्हणजे मी काय धरून चालले होते!

रीतनं बाटली उघडली, ग्लास त्याच्या चांगल्या हातात दिला. त्यानं आधी वास घेतला, बराच वेळ. मग घोट. तोंड एका बाजूनंच हलतं, शब्द सावकाश येतात. "केळं," तो म्हणाला. मला कळेना. "केळ्याचा वास. गरम ठेवलीस."

हीटर! मी हो म्हणाले. त्याचे डोळे इतके चमकले. "थंड जागा हवी. पण स्वच्छ आहे. स्वच्छ आहे." मग विचारलं, "कशात आंबवलीस?"

रीत खिडकीबाहेर बघायला लागल्या. तेव्हा कळलं, टाकी विकल्याचं त्याला सांगितलेलंच नाही.

"स्टीलच्या टाकीत," मी म्हणाले.

"छान. माझीही तशीच आहे. गॅरेजमध्ये." आणखी एक घोट घेतला. "बरा झालो की दाखवतो तुला."

मी म्हणाले, नक्की.

बसस्टॉपवर रीत म्हणाल्या, तो रोज विचारतो गॅरेज कसं आहे. त्या रोज सांगतात, आहे तसंच. मग म्हणाल्या, आज कितीतरी दिवसांनी तो एवढं बोलला.

४ मे, रविवार

गंधारला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पुढची बाटलीही नेऊन दे." टाकी दोघांनी धरून खालच्या थंड कोठीत नेली. दोघांनी!

१० मे, शनिवार

दुसरी बिअर टाकीत. या वेळी केळं नाही. तोनला दाखवायचीय. त्याची टीका ऐकायला मी इतकी का उतावळी झालेय?

२२ मे, गुरुवार

रीतचा फोन. तोन काठी धरून चालला — आधी खोलीत, मग जिन्यावरही. पुढच्या आठवड्यात घरी येतोय. घर विकणं थांबवलं. हसत होत्या. टाकीबद्दल एक शब्द काढला नाही.

बिअर सुदैवानं आंबून झाली होती. संध्याकाळी बाटल्यांत भरली, टाकी धुतली, पुसली. शनिवारी टिलबर्गला नेऊन गॅरेजमध्ये होती तिथे उभी करणार, चादरीखाली.

तोननं विचारलंच, तर सांगायचं, उसनी नेली होती.