एकदा ओरडलं की मरेपर्यंत

मु. भुकूम, ता. मुळशी
सोमवार, दुपार

ती. निरंजन दाजी यांना,

तुमच्या धाकट्या मेहुणीचा, नलिनीचा, भुकूमहून वाकून नमस्कार. (वाकणं कागदावरच समजा. कंबर धरलेली आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा काय म्हणतो? गौतमीताईची सर्दी गेली का? तिला म्हणावं, आईने सांगितलेला काढाच घे, तिकडच्या गोळ्यांनी नुसती झोप येते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे निदान अंगाने खुशाल आहोत. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण मी बोलायला लागले की तुम्ही "हं, हं" करत मॅच बघत असता, आणि माझे व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकता हे ताईने मला सांगितलं आहे. म्हणून हाताने पत्र लिहिते आहे. आमची लेक किमया त्याचे फोटो काढून पाठवील. कागदाचा वेग वाढवता येत असेल तर वाढवा.

या सगळ्या प्रकाराचं मूळ तुम्ही आहात, हे आधी नोंदवून ठेवते. डिसेंबरात आलात तेव्हा तुमच्या बॅगेत चॉकलेटं कमी आणि तुमच्या त्या मेलबर्नच्या वाराबीन क्लबचे पिवळे-तांबडे मफलर जास्त होते. वर दोन लांबुळके चेंडू. अंगणात खाट टाकून तुम्ही आठवडाभर सगळ्या आळीला ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल शिकवलात. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. पोरींना ते पाच मिनिटांत कळलं. आम्हा बायकांना मात्र खेळणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांचे नियम जास्त आवडले. कुणी चेंडू कवटाळून पकडली गेली की सगळ्यांनी मिळून "बॉऽऽल" असं ओरडायचं, पंचाला दिसत असलं तरी. जिंकलं तरच गोल उभं राहून गाणं म्हणायचं, हरलं तर मुकाट घरी जायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की एकदा एखाद्या संघाच्या नावाने ओरडलं की तो संघ मरेपर्यंत सोडायचा नाही. आमच्याकडे बायको बदलणारे भेटतील, संघ बदलणारा भेटणार नाही, असं तुम्ही म्हणालात. (ताई तेव्हा आत भाकऱ्या थापत होती. तिने ऐकलं आहे.) वाराबीन चार वर्षं सगळ्यांत खाली असतो तरी तुम्ही दर शनिवारी मफलर गुंडाळून जाता, हे ऐकून आमच्या शेजारच्या तुळजाबाईंना गहिवरून आलं होतं.

तुम्ही विमानात बसलात आणि इकडे पोरींनी संघ काढला. पोरी होत्या, चेंडू होते, जागेचंच काय ते अवघड होतं. भुकूममध्ये आता सपाट जागा म्हटली की तिच्यावर कुणीतरी चुन्याच्या रेघा ओढलेल्याच असतात. शिल्लक राहिला होता तो आमच्या चुलत सासऱ्यांचा, कुशाबांचा माळ. अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं. त्या माळावर प्लॉटिंगवाल्यांचा केव्हाचा डोळा, आणि पाडवा झाला की शब्द देतो असं आबांनी त्यांना सांगून ठेवलेलं. मी महिनाभर त्यांच्या मागे लागले. पहाटे लागले, जेवताना लागले, ते दाढी करत असताना आरशात मागे उभी राहून लागले. शेवटी कंटाळून ते म्हणाले, एक मॅच बघतो. चार माणसं गोळा होऊन बघण्यासारखं काही असलं तर माळ ठेवतो, नसलं तर पाडव्याला देऊन टाकतो. झालं, मी पदर खोचला.

मॅच म्हटली की समोर दुसरा संघ हवा, हे मला उशिरा सुचलं. मग स्कूटरवर सूसला गेले. आबांची लेक राणी तिकडेच दिली आहे. तिच्या सोसायटीतल्या बायकांपुढे मी असं काही भाषण केलं की आठ दिवसांत त्यांनीही पोरी जमवल्या. राणीची रेश्मा दांडगी आहे, तिला मीच म्हटलं, तू कप्तान हो. दाजी, हे वाक्य लक्षात ठेवा. "मीच म्हटलं."

आता कमरेचं. तुम्ही तो कागदी पडदा दाखवला होतात ना, पाठीराख्यांनी रात्रंदिवस खपून बनवायचा आणि खेळाडूंनी तो फाडत मैदानात धावत यायचं? आम्हा बायकांना ती रीत ऐकून आधी राग आला होता. एवढं करायचं आणि चार सेकंदांत चिंध्या? पण विचार केल्यावर पटलं, रांगोळीचं तरी दुसरं काय होतं. मग माझ्या पडवीत आठ दिवस क्रेप कागद, चिकटपट्टी आणि आम्ही अकरा बायका. जमिनीवर ओणवं राहून राहून माझी कंबर जी धरली ती धरलीच. समोरच्या संघाला चिमटा काढणाऱ्या दोन ओळी पडद्यावर हव्यात असं तुम्ही सांगितलं होतंत, त्या मी रचल्या:

सूसच्या पोरींनो, उन्हातून या,
जिंकायचं राहू द्या, सरबत पिऊन जा.

अक्षरं काढायला साळूबाई. लग्नपत्रिका असो, दुकानाची पाटी असो, आमच्याकडे साळूबाईंच्याच हातची. त्यांनी सवयीप्रमाणे सगळ्यांत वर, मधोमध, लाल कागदाची एकेक हात उंच अक्षरं चिकटवली: ॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥. आम्ही अकराही जणींनी हात जोडले. आता हा पडदा फाडायचा आहे, हे एकीलाही आठवलं नाही.

काल रविवारी सकाळी माळावर दीडशे माणूस. आबा आंब्याच्या सावलीत खुर्चीवर. सूसचे लोक गाड्यांतून आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले. आम्ही दोन बांबूंना बांधून पडदा उभा केला, हलगी सुरू झाली, आणि आमच्या पोरी किमयाला पुढे घालून जोरात धावत आल्या. पडद्यापासून दोन हातांवर किमयाने वर पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. मागच्या सगळ्या एकमेकींवर आदळल्या. आधी सगळ्यांनी नमस्कार केला, मग माझ्याकडे बघायला लागल्या. हलगी थांबली. साळूबाई म्हणाल्या, नाव वर आहे, पोरींनी खालून फाडावं. किमया म्हणाली, कागद फाटायला लागला की विचारून थांबतो का? कुणी म्हणालं, बाजूने जा. पण बाजूनेच जायचं तर मी कंबर कशाला घालवली होती? पंच म्हणून नेऱ्याच्या शाळेतले खेळाचे मास्तर बोलावले होते, ते घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात आबा उठले.

"द्येवाच्या नावातनं कुनी जायाचं न्हाई," ते म्हणाले. "आदी द्येवाला खाली घ्या, मंग काय फाडायचं त्ये फाडा."

आणि कुणाची वाट न बघता ते स्वतः खुर्चीवर चढले. दोघांनी खुर्ची धरली, त्यांनी विळ्याने ती वरची पट्टी अलगद कापली, घडी घालून कपाळाला लावली आणि टोपीखाली ठेवली. मग म्हणाले, हं. पोरी मागे गेल्या आणि अशा आल्या की पडदा काय, एक बांबूही गेला. किमया पार झाली खरी, पण चिकटपट्टीमुळे "जिंकायचं राहू द्या" एवढा तुकडा तिच्या पाठीला चिकटला आणि चार भागांतला पहिला अख्खा भाग ती तो तसाच घेऊन खेळली. सूसच्या बायकांनी त्याचे फोटो काढले आहेत.

खेळ काय झाला म्हणून सांगू. तुळजाबाईंना "बॉल" फार आवडल्यामुळे त्या चेंडू कुणाकडेही असला तरी ओरडत होत्या, दोनदा तर पंचाच्याच हातात होता. मी मात्र खेळाकडे कमी आणि आबांकडे जास्त बघत होते. तीन भाग संपले, त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. मग शेवटच्या भागात चेंडू उंच गेला, त्याच्याखाली आमच्या तिघी, आणि मागून रेश्मा अशी उडाली की किमयाच्या खांद्याला गुडघा लावून तिने तो वरच्या वर झेलला. आबा ताडकन उभे राहिले. एका हाताने टोपी दाबून धरत, अख्ख्या माळाला ऐकू जाईल असे ओरडले, "शाब्बास माजी वाघीन!" आणि मग खाली बसलेच नाहीत. ती मारील तो प्रत्येक चेंडू त्यांनी आरोळी देऊन खांबांपर्यंत पोचवला. सूस एक्केचाळीस, भुकूम चाळीस.

मॅच संपल्यावर त्यांनी मला सगळ्यांदेखत बोलावलं.

"सूनबाई, एकदा वराडलं की मरेस्तवर बदलायचं न्हाई, आसंच हाय ना तुमच्यात?"

मी काय बोलतेय ते कळायच्या आत ताठ मानेने बोलून गेले, "व्हय आबा. मरेस्तवर."

"मंग झालं. मी सूसचा. ही जागा आता सूसच्या पोरींची. प्लाटिंगवाल्याला म्हनावं, दुसरीकडं बघ."

मी विचारलं, आणि आमच्या पोरींनी कुठं खेळायचं? त्यावर ते म्हणाले, त्यास्नी बी येऊ द्या की, पाव्हनं म्हनून. आणि रेश्माच्या खांद्यावर हात टाकून तिच्या संघाबरोबर गोल उभं राहून गाणं म्हणायला गेले. गाणं त्यांना येत नव्हतं, तरी म्हणत होते.

असं आहे दाजी. माळ वाचला, आणि स्वतःच्या गावात, स्वतःच्या चुलत सासऱ्याच्या माळावर मी पाहुणी झाले. किमया रात्री जेवली नाही. मी हार मानणाऱ्यातली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ताईला आणि पोरांना आशीर्वाद. (ताईला आशीर्वाद कसा देणार, तिला नमस्कार.)

तुमची मेहुणी,
नलिनी

ता. क. – आता खरं काम. तुमच्या क्लबच्या कागदावर, मोठ्या अक्षरांत, असं लिहून पाठवा की मेलबर्नमध्ये आजोबा लोकांना दोन संघ चालतात. असा नियम नसेल हे मला माहीत आहे. तरी लिहा. खाली एखादा शिक्का हवाच, आबा शिक्क्याशिवाय काही मानत नाहीत. पाडव्याच्या आत पोचलं पाहिजे.

आणखी ता. क. – वरचं काही पाठवू नका. आत्ता किमया फोटो काढणार एवढ्यात माळावर गाडी थांबली. प्लॉटिंगवाला टेप घेऊन उतरला आणि खुंट्या ठोकायला लागला. मी धावत गेले, तर आबा माझ्या आधीच तिथे पोचलेले. ठोकलेली एकेक खुंटी उपटून त्यांनी त्याच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "रविवारी हितं आमच्या सूनबाईच्या पोरी यायच्यात खेळाया. त्यास्नी पायाला लागंल." एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच उभी राहून रडले, हे ताईला सांगितलंत तरी चालेल. तेव्हा आबा सूसचेच राहू देत. एकच कळवा, पाहुण्या संघाच्या बाईने त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून त्यांच्या विरुद्ध ओरडलेलं तुमच्यात चालतं का? चालत नसलं तरी मी बसणार आहे.