बावन्नातले सत्तेचाळीस

रविवार, ५ जानेवारी. दुपारी १.४०

नाणी संग्राहक मंडळाच्या सभेला आज पहिल्यांदा गेलो. उभं राहून ओळख करून दिली: बाबुराव ओव्हाळ, राहणार कोथरूड, सरकारी खात्यात आस्थापना शाखेत चौतीस वर्षं, आता निवृत्त. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्ष श्यामराव परचुरे, वय पंच्याहत्तर, आवाज बारीक. आपण काय जमवता, म्हणाले. मी सांगितलं, स्टीलचा रुपया. १९९२ ते २००४, तेरा सालं, चार टांकसाळी. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. तेरा चोक बावन्न. सगळे जमवणार.

परचुरे म्हणाले, तो संच पुरा होत नाही. का, असं मी विचारलं. म्हणाले, होत नाही. आपण आपला टाइप सेट करावा, म्हणजे प्रत्येक प्रकारचं एकेक नाणं घ्यायचं आणि सुटायचं. 'सुटायचं' असं म्हणणारा माणूस अध्यक्ष कसा होतो?

उशिरा आलो म्हणून चहा मिळाला नाही.

संकल्प: २७ एप्रिलला मंडळाचं प्रदर्शन आहे. तिथे बावन्नच्या बावन्न मांडायचे. परचुऱ्यांच्या शेजारच्या टेबलावर.

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी ६.१०

घरातले सगळे डबे, पर्सेस, जुन्या पँटी तपासल्या. १९ मिळाले. पहिल्याच दिवशी १९! या वेगाने गुरुवारपर्यंत काम संपतं. प्रदर्शनापर्यंत उरलेल्या वेळात काय करायचं, हाच प्रश्न आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

२१.

नंदाला संकल्प सांगितला. तिने पोळी लाटताना न थांबता यादी म्हणून दाखवली. हार्मोनियम, तिसऱ्या अलंकारापर्यंत. एलएलबी, पहिलं वर्ष. पाली भाषेचा सर्टिफिकेट कोर्स, सात तास. बाथरूमची टाइल, एक भिंत. म्हणाली, तुमचं आजवर काय पुरं झालंय ते सांगा, मग मी डबे उघडू देते.

हार्मोनियमचा भाता फाटला होता. एलएलबीच्या वेळी बदली झाली. पालीच्या बाईंना माझे प्रश्न झेपत नव्हते. टाइलचा रंग बाजारातून गेला. यातली एकही चूक माझी नाही. पण एकसष्टाव्या वर्षी बायकोकडून हे ऐकायला बरं वाटत नाही. खरं सांगायचं तर फार लागलं. एक तरी गोष्ट पुरी करून दाखवायचीच.

चैताली ऑफिसमधून आली. तिचं म्हणणं, बाबा, आता कॉइन वापरतं कोण? हीच मुलगी पाचवीत पोस्टाची तिकिटं जमवायची. अर्ध्यात सोडली. कोणावर गेली कळत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

आज डोकं लढवलं. नाणी कुठे असतात? मंडईत. विमलाबाई म्हणून भाजीवाल्या आहेत, गल्ल्याला बिस्किटांचा जुना डबा. तो पाच मिनिटं बघू द्याल का, अशी नम्र विनंती केली. त्या म्हणाल्या, डबा काय बघताय, मेथी बघा. भाजी घ्यायची तर घ्या, नायतर पुढं सरका. मी म्हटलं, हा छंद आहे. त्या म्हणाल्या, आमच्या मालकांना पण होता एक, त्यातच गेले.

दोनशेची नोट देऊन एक जुडी मेथी घेतली आणि उरलेले सुट्टे रुपयांत मागितले. त्यांनी तराजूवर चिकटवलेला क्यूआर दाखवला. अखेर पडवळ, दोडका, घोसाळी, भोपळा घेतल्यावर अकरा रुपये हातात आले. त्यांतले दोन नवीन.

नंदा म्हणाली, पडवळ कोण खाणार?

मंगळवार, २१ जानेवारी

बँकेत गेलो. नाण्यांच्या पिशव्या पाहायला मागितल्या. कॅशियर मुलीने विचारलं, काका, भरायच्यात की न्यायच्यात? मी म्हटलं, फक्त बघायच्यात. तिने मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

तिथून पेठेतल्या नाण्यांच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, काका, हा रुपया विकत मागायला येणारे तुम्ही पहिले. दारापर्यंत पोचलो तेव्हा म्हणाला, आणि शेवटचे. या शहरात माणसाला हुरूप द्यायला जीएसटी लागतो की काय?

२७.

सोमवार, ३ फेब्रुवारी

३८! विमलाबाई आता मला बघताच डबा पुढे करतात. रोज दोन किलो भाजी घ्यायची, या अटीवर.

कसबा पेठेत चेतन सुतारांकडे सागवानी बोर्ड टाकला. बावन्न गोल खाने, प्रत्येक खान्यात एक रुपया घट्ट बसेल असे. त्यांनी विचारलं, नाणी सगळी हातात आहेत ना? एकदा भोकं पाडली की बुजत नाहीत. आहेत, असं मी सांगितलं. येणारच आहेत, म्हणजे आहेतच.

रविवार, १६ फेब्रुवारी

४५. बोर्ड आला. देखणा आहे. पण नाणी त्यात मळकट दिसत होती. नंदाची भांड्याची पावडर आणि काथ्या घेतला, सकाळी नऊला बसलो, तीनला उठलो. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस लखलखीत. परचुऱ्यांच्या आल्बममधली नाणी पाहिली आहेत, काळवंडलेली. बिचाऱ्यांना घासायला कोणी नसेल.

रविवार, २ मार्च

४७! मंडळाच्या सभेला बोर्ड रिक्षातून नेला. परचुऱ्यांनी भिंग लावून पहिलं नाणं पाहिलं. दुसरं पाहिलं. हे तुम्ही घासलंत? हो. सगळी? मी म्हटलं, सगळी. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. भारावले होते.

मग मुद्द्यावर आले. पाच भोकं रिकामी आहेत. मी म्हटलं, खाना क्रमांक ४, १७, २२, ३७ आणि ४९, शोध चालू आहे. ते म्हणाले, सगळ्या टांकसाळी दरवर्षी रुपया पाडतातच असं नाही. पाडलाच नसेल तर शोधाल काय? मी हसलो. हरणारा माणूस असंच बोलतो. तीस वर्षांत यांना जमलं नाही, म्हणून मग नाणंच नाही!

मंगळवार, ४ मार्च

परचुऱ्यांचं तोंड कागदाने बंद करायचं ठरवलं. माहितीच्या अधिकारात अर्ज. पाच खाने, त्यांची सालं आणि टांकसाळी यांचा तक्ता जोडून विचारलं, प्रत्येकी किती रुपये पाडले? अर्ज असा लिहिला आहे की वाचणारा उभा राहील. आस्थापना शाखेचा हात आहे.

गुरुवार, ३ एप्रिल. सायंकाळी ५

उत्तर आलं. पाचही ओळींसमोर एकच शब्द: निल. म्हणजे आपलं निरंक.

संताप संताप झाला. मला निरंक शिकवतात! चौतीस वर्षं खात्यात काढली. निरंक म्हणजे फाइल सापडत नाही. निरंक म्हणजे रेकॉर्ड रूमची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. मी स्वतः शेकड्यांनी निरंक लिहिले आहेत. एकदाही कपाट उघडून लिहिलं असेल तर शपथ. हे पाचही रुपये कुठल्या तरी कपाटात नोंदलेले आहेत, आणि एक साहेब चहा पीत बसला आहे.

पत्र परचुऱ्यांना दाखवणार नाही. त्यांना तेवढंच निमित्त मिळेल. नंदालाही नाही.

सोमवार, ७ एप्रिल

प्रथम अपील पाठवलं. साडेचार पानं. 'सदर माहिती हेतुपुरस्सर दडविण्यात आली आहे' हे वाक्य दोनदा घातलं. फ्लेक्सवाल्याकडून प्रदर्शनाचा बॅनरही करून आणला. 'बाबुराव ओव्हाळ यांचा संपूर्ण रुपया संच.' आधी केला तर स्वस्त पडतो.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी अभिवादन करून आलो. घरी पाहुणे. बोर्ड हॉलमध्ये होता. नंदाच्या भावाने खीर खाताना भोकं मोजली आणि सगळ्यांना आकडा सांगितला. त्याची बायको सुरुची म्हणाली, दाजी, त्यात छान रंगीत टिकल्या लावा ना. 

सगळे गेल्यावर नंदा कपाटातून एक पुडी घेऊन आली. १९९० चा बाबासाहेबांचा रुपया, आईने जपून ठेवलेला. म्हणाली, मधल्या भोकात हा लावा, शोभेल. मी म्हटलं, तो या संचात बसत नाही. साल वेगळं, धातू वेगळा, आकारही मोठा. तिने पुडी बांधली आणि आत गेली. 

तिला वाईट वाटलं असावं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

रविवार, २७ एप्रिल. दुपारी ४

प्रदर्शन. लिहायची इच्छा नाही, तरी नोंद हवी.

एका बाईंनी विचारलं, हे पणत्या ठेवायचं आहे का? एका कॉलेजच्या मुलाने बॅनर वाचला, भोकं पाहिली, परत बॅनर वाचला. फोटो काढून कोणाला तरी पाठवला. पेठेतला दुकानदारही आला होता. मित्राला म्हणाला, घासलेली आहेत रे, आता यांची किंमत एक रुपयासुद्धा नाही. मी शेजारीच उभा होतो.

परचुरे शेवटी आले. मी म्हटलं, पाचचीच तर कमी आहे. ते म्हणाले, ओव्हाळ, जेवढे आहेत तेवढे नीट लावा आणि भोकं बुजवून टाका. मी पंधरा वर्षांपूर्वी तेच केलं. आवाज नेहमीसारखा बारीक होता, पण टोमणा नव्हता. त्यामुळे जास्तच राग आला.

बक्षीस: उत्तेजनार्थ. टेबलं मांडणारे आम्ही सहा जण. तीन उत्तेजनार्थ.

निर्धारित वेळेआधी निघालो. बॅनर तिथेच राहिला.

सोमवार, २८ एप्रिल. सकाळी ११.३०

संपलं. सकाळी स्क्रू ड्रायव्हरने सगळी नाणी काढली. अपुरा संच घरात ठेवायचा नाही. नंदाच्या यादीत पाचवी ओळ नको. मंडईत गेलो आणि सत्तेचाळीस रुपये विमलाबाईंच्या समोर ठेवले. 

त्या म्हणाल्या, एवढे चकचकीत? खोटे नायत ना? एकेक दगडावर वाजवून घेतला. रुपया खरा आहे हे पटवायला मला दहा मिनिटं लागली. मग दोन जुड्या मेथी आणि थोडी कोथिंबीर दिली. 

फार हलकं वाटतंय. आधीच करायला हवं होतं. परचुरे, दुकानदार, कॅशियर, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मी मोकळा झालो.

संकल्प: बाथरूमची दुसरी भिंत.

शुक्रवार, २ मे

टाइल पाहून आलो. रंग जुळत नाही. 

रिकामा बोर्ड नंदाने स्वयंपाकघरात नेला. तिने भांड्यांवर ठेवलाय. चमचे नीट उभे राहतात म्हणे.

शनिवार, २४ मे. दुपारी ३.२०

अपिलाचा निकाल आला. रजिस्टर पोस्टाने, दोन पानं. सोबत प्रत्येक टांकसाळीच्या उत्पादन रजिस्टरच्या पाच पानांच्या झेरॉक्स, शिक्क्यासह. अधिकाऱ्याने स्वतः पानं काढून तपासली असं लिहिलं आहे. कपाट उघडलं! सदर पाच वर्षी सदर टांकसाळींत एक रुपयाचं उत्पादन झालेलंच नाही. आधी दिलेली 'निल' ही माहिती अचूक होती. अपील निकाली काढण्यात येत आहे.

झेरॉक्सच्या पाठीवर पेन्सिलने वजाबाकी केली.

बावन्नातून पाच गेले. सत्तेचाळीस. जगात असलेले सगळे रुपये सत्तेचाळीस. माझ्याकडे सत्तेचाळीस होते. २ मार्चला, रिक्षातून बोर्ड नेला त्या दिवशी, संच पुरा झालेला होता. प्रदर्शनात तो पुराच मांडलेला होता. बॅनर खरा होता. परचुऱ्यांना इतक्या वर्षांत कळलं नाही ते माझ्या हॉलमध्ये आठ आठवडे भिंतीला टेकून उभं होतं, आणि ते खरं आहे असं लिहिलेलं पत्र ३ एप्रिलपासून माझ्या ड्रॉवरमध्ये.

दुपारी जेवलो नाही. नंदाला सांगितलं, पित्त झालंय.

रविवार, २५ मे. सकाळी १०.१५

मंडई. विमलाबाईंना विचारलं. म्हणाल्या, ते लखलखीत व्हय? रुपये होते, गेले. रुपया काय बसून राहतो? डबा मात्र दिला, मी न मागता. चाळला. एकही नव्हता.

घरी येऊन नंदाला सगळं सांगितलं. पत्र, झेरॉक्स, सगळं समोर ठेवलं. तिने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मी यादीची वाट पाहत होतो. ती म्हणाली, म्हणजे तुमचं पुरं झालं होतं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, अहो, आधी सांगायचं नाही का मला. मी पत्र वाचलं असतं ना.

यापेक्षा यादी बरी होती.

सकाळी १०.५०

काही सुचेना म्हणून द्वितीय अपिलाचा मसुदा करायला घेतला आहे. नव्वद दिवसांची मुदत असते. झेरॉक्सवर काही खाडाखोड दिसते का, ते भिंगाने पाहतो आहे. पाचांपैकी निदान एका खान्याचा तरी रुपया कुठेतरी पाडलेला असला पाहिजे. एक असला तरी माझा संच अपुरा होता असं ठरतं, आणि अपुरा होता तर मी मेथीवर काहीच घालवलेलं नाही.