हरिण ज्याला तोंड लावत नाही ते झाड

चि. त्सुनेओ यास,

कोवळ्या पालवीच्या या दिवसांत तुझी पाठ ताळ्यावर असेल, मिवाकोचा खोकला थांबला असेल आणि ओनोमिचीच्या त्या चढावरच्या घरात तुम्ही दोघं सुखात असाल, अशी आशा करते. आम्ही सुखात नाही. रीतीप्रमाणे विचारपूस झाली, आता मला भांडू दे.

तुझं कार्ड काल मिळालं. येत्या रविवारी आईचं श्राद्ध आणि तुला म्हणे ‘कामामुळे’ येता येत नाही. (निवृत्त माणसाला काम कसलं रे? मांजरांना फिरवून आणतोस का?) असो. त्यावर मी काही बोलणार नाही. हे पत्र आहे ते गेल्या वर्षी श्राद्धाला तू स्वतःच्या बदली जे झाड पाठवलंस, त्याच्याबद्दल.

आधी त्या झाडाच्या आगमनाची हकीकत ऐक, कारण तू काही बघायला नव्हतास. आतल्या खोलीत पुजारीबुवांचं सूत्रपठण चाललेलं, सगळे काळ्या कपड्यांत मान खाली घालून बसलेले, आणि दारात कुरियरवाला ओरडतोय, “नाजूक माल आहे, सही करा!” माणसाच्या उंचीचं झाड, कुंडीसकट. बाहेर ठेवावं तर आमच्या नाराच्या रस्त्यांवर मोकाट फिरणारी हरणं टपलेली. शेवटी आमच्या ह्यांनी ते आत आणून जिथे जागा होती तिथे ठेवलं. जागा होती तुझ्या आसनावर. मासा मावशीला हल्ली दिसत नाही, ती झाडाजवळ सरकली आणि म्हणाली, “त्सुनेओ बाळा, किती वाळलास रे! बायको जेवायला घालत नाही का?” कोणाला हसताही येईना. मग अगरबत्ती लावायची वेळ आली. पुजारीबुवांनी विचारलं, “घरचा मुलगा कुठाय?” आमच्या ह्यांनी झाडाकडे हात केला. त्या क्षणी जी आग माझ्या तळपायातून मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

सोबत तुझी चिठ्ठी होती: ‘ताई, ही ओदेमारी. हिला हरिण तोंड लावत नाही. खात्री मी देतो.’ तू खात्री देतोस! नारात चाळीस वर्षं मी राहते, हरणांनी माझे गुलाब खाल्ले, ट्यूलिप खाल्ले, वाळत घातलेला मुळा खाल्ला, आणि देवाचे दूत म्हणून त्यांना काठी दाखवायची सोय नाही. आणि खात्री देणार कोण, तर समुद्राकाठी राहणारा तू! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आमची गत. तरी लावलं. वाटेच्या कडेला, पुढच्या दाराजवळ.

शरदात एक नर आत घुसला. त्याने पान खाल्लं नाही, हे मी मान्य करते. त्याने एका फांदीवर शिंगं घासून सालच सोलून काढली. तू चिठ्ठीत खाण्याबद्दल लिहिलंस, घासण्याबद्दल एक अक्षर नाही. सालीला मलम मी लावलं, कापड मी गुंडाळलं, हिवाळाभर त्याचं बाळंतपण मी केलं.

आणि आता खरोखरचं बाळंतपण. गेल्या आठवड्यात एक हरिणी फाटकाशी उभी राहून आमच्या ह्यांना मान लववून नमस्कार करत होती. (बिस्किटाच्या आशेने इथली सगळीच हरणं करतात. पण ह्यांना वाटतं, आपल्यालाच ओळखतात.) हे कोंडा आणायला आत गेले आणि फाटक उघडंच ठेवलं. परत येतात तो हरिणी ओदेमारीखाली बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पाडस.

हरणांची देखभाल करणाऱ्यांना फोन केला. तिथली बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, “अभिनंदन! पाडसाला हात लावू नका हं, माणसाचा वास लागला तर आई टाकून देते. आणि जवळ जाऊ नका, ती अंगावर येईल. दुसरं दार वापरा ना.” दुसरं दार उघडतं शेजारच्या उएमुराबाईंच्या अंगणात. त्यांच्या अंगणातून जायचं म्हणजे त्रास दिल्याबद्दल मिठाईचा डबा द्यायला हवा. डबा दिला की त्या परतीचा डबा देतात. तो घेतला की आपल्याला परत काहीतरी नेणं आलं, आणि ते न्यायचं त्यांच्याच अंगणातून! आमच्या घरात सध्या तांदळाचा दाणा नाही, बीनचे लाडू मात्र ढिगाने आहेत.

आमच्या ह्यांनी एकदा पुढून जायचा प्रयत्न केला. “अहो बाईसाहेब, जरा वाट देता का?” बाईसाहेबांनी पुढचे दोन्ही पाय उचलले. हे आत आले, एक चप्पल तिथेच राहिली. तिचा पट्टा हरिणीने खाल्ला. सकाळचं वर्तमानपत्रही खाल्लं. (तुझं कार्ड तेवढं सुटलं, हे माझं दुर्दैव.) ओदेमारीचं पान मात्र एकही नाही. तुझी खात्री तंतोतंत खरी ठरली, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

कारण झाड फुललंय रे. पांढरे गेंद इतके की फांद्या वाकल्यात. जुन्या घरी आई तोडून आणायची अगदी तसेच. इतक्या झाडांतून तू नेमकं हेच निवडलंस, म्हणजे तुला सगळं आठवतं. आणि तरी येत नाहीस! रविवारी आईच्या फोटोपुढे मी काय ठेवू, दुकानातली ती मयताला वाहायची शेवंती? आई म्हणायची, “शेवंती मेल्यावर बघायचीच आहे, आत्ता कशाला?” फुलं दारात आणि मला एक तोडता येत नाही.

तेव्हा झाड तुझं, खात्री तुझी, निस्तरायचं तूच. रविवारी ये, त्या बयेच्या देखत फुलं तोडून दे, आणि मग झाड मुळासकट घेऊन जा.

तुझी थोरली बहीण,
किनुए

ता.क. तू का येत नाहीस ते मला कळत नाही असं समजू नकोस. पहिल्या गाडीने निघालास तरी इस्पितळात पोचेपर्यंत आई गेली होती. पण त्सुनेओ, मी तिच्या उशाशीच होते. तिच्यासाठी संत्रं सोलत होते. सोलून झाल्यावर बघितलं तर ती गेलेली. मलाही ती सांगून गेली नाही. त्याबद्दल मी तुझ्यावर एक दिवसही रागावले नाही. मी रागावले आहे ती फक्त झाडाबद्दल.

पुन्हा ता.क. हे पत्र पेटीत टाकायला निघाले तर पुढचं अंगण रिकामं. हरिणी पाडसाला घेऊन गेली. फुलं सगळी जागच्या जागी आहेत. ती तोडायला मला आता कोणी अडवत नाही. मी तोडलेली नाहीत, आणि तोडणारही नाही.