सांगलीकरांचं एकच बिल

मंगळ., ७ एप्रिल
तांजोंग पगारला ऑफिसात बोलावणं. एरवी टूर कंपनीची मॅनेजर जेनी मेसेजवर भागवते, तेव्हाच ओळखलं काहीतरी शिजतंय. सिंगापूरला येणारे वाढतायत, पण माणशी खर्च त्या मानानं वाढत नाही, हे पेपरात अधूनमधून येतंच. जेनीनं ते माझ्या एकटीच्या माथी मारलं. "अंजली, युवर पीपल व्हेरी नाइस. बट नेव्हर बाय एनिथिंग, लाह." माझे पीपल म्हणजे पुण्या-सांगलीकडचे टूर ग्रुप. मी काय जन्माला घातलंय त्यांना?
पुढचं मात्र चेष्टेचं नव्हतं. ग्रुप दुकानात नेला की त्यातल्या किती जणांनी बिल केलं ते दुकान ऑफिसला कळवतं. मराठी ग्रुप तळाला. आता पुढचे दोन ग्रुप बघणार, नाही सुधारलं तर मराठी गाइड बंद. हिंदीवाला सगळ्यांना पुरतो म्हणे. म्हणजे मी घरी.

बुध., ८ एप्रिल
भांड्यांचा कप्पा दोनदा आवरला. मिलिंद म्हणाला, "मग बस ना घरी, आपलं काय अडतंय?" नवरा चांगी बिझनेस पार्कात मान मोडून काम करतो, त्याला घरी बसणं म्हणजे बक्षीस वाटतं. मी बसलेय घरी. सई लहान होती तेव्हा सेम्बावांगच्या याच फ्लॅटमध्ये, दिवसच्या दिवस. लिफ्टमध्ये "गुड मॉर्निंग" म्हणायला मिळालं तर तो दिवस बरा. मग PR, म्हणजे इथला कायमचा रहिवास, मिळाल्यावर गाइडची परीक्षा दिली, लायसन्स आलं, आणि दिवसभर मराठी बोलायचे चक्क पैसे मिळायला लागले. हे सगळं त्याला सांगितलं. "हं" म्हणाला.
सईचं वेगळंच. "आई, दे ब्रिंग देअर ओन फूड, व्हॉट. हाउ टु स्पेंड?" तेरा वर्षांची आहे. बरोबर बोलली म्हणून जास्तच राग आला.

शनि., ११ एप्रिल
सांगलीचा ग्रुप उतरला. निवृत्त शिक्षकांचं मंडळ. बॅगांत कपडे कमी, दशम्या, चटण्या आणि मेतकूट जास्त. खजिनदार सुलभाकाकू, गणिताच्या बाई होत्या. बसमध्ये बसल्या बसल्या विचारलं, "पाण्याची बाटली केवढ्याला गं इथं?" मी सांगितलं. सगळ्या बसनं मनात रुपयांत गुणाकार केला, आणि हॉटेलवर पोचल्यावर बाटल्या नळाखाली. इथलं नळाचं पाणी पिता येतं हे मीच मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. माझी जीभ.

रवि., १२ एप्रिल
सकाळी हॉटेलचा फोन. कोणीतरी खोलीतल्या केटलीत उपमा केला. कोणी ते विचारायलाच नको, फोडणीचा वास आख्ख्या मजल्यावर. माफी मागितली. कितवी, देव जाणे.
काचेच्या घुमटातली बाग दाखवली. एक मास्तर म्हणाले, "म्हणजे झाडांना एसी आणि आम्हाला बाहेर ऊन." सगळे हसले, मीसुद्धा. ही माणसं मला आवडतात हीच तर पंचाईत आहे. आयुष्यात एकदाच निघालीत. वर्षभर तिकिटं ठरवत होती, स्वेटरसुद्धा घेऊन आलीत, इथं कशाला ते विचारू नये.
परतताना सु.काकू शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. "सकाळपासून बघतेय, तोंड का उतरलंय?" शहाणी गाइड अशा वेळी मोबाइल काढते. मी सांगून बसले. की तुम्ही कोणी काही घेत नाही, म्हणून माझं काम जाणार.
"अगं मग आधी तोंड उघडायचं नाही का? उद्या बघच तू."
लाज वाटली. बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

सोम., १३ एप्रिल
दुकान. दारातच एका काकांची पिशवी बसमध्ये राहिल्याची आठवण, म्हणून त्यांना घेऊन परत पार्किंगला. पिशवीत चष्मा, गोळ्या, अर्धी दशमी. आम्ही येईपर्यंत आत खरेदीची झुंबड उडालेली. बाम, चॉकलेटं, मर्लायनच्या, म्हणजे इथल्या सिंह-माशाच्या, की-चेन, पुन्हा बाम. शेजारीपाजारी, सुना, पोस्टमन, कोणी म्हणून सोडलं नाही. खोकीच्या खोकी बसमध्ये चढली. आतापर्यंतच्या कुठल्याच मराठी ग्रुपनं असं केलेलं नाही.
सु.काकू फुलल्या होत्या. "झालं ना मनासारखं?" मी त्यांना चक्क मिठी मारली. घरी जाताना मेट्रोत एकटीच हसत होते.
आज श्रीखंड आणलं.

मंगळ., १४ एप्रिल
सकाळी ग्रुप चांगी विमानतळावरून रवाना. तिथूनच जेनीला फोन लावला, म्हटलं आता ऐकू दे जरा कौतुक.
"अंजली ah, ओन्ली वन पर्सन बॉट."
मला वाटलं, भलत्याच ग्रुपचं बघतेय. नाही. आमचाच. बिल एक, त्यावर टॅक्स परताव्यासाठी पासपोर्ट एक, सुलभाकाकूंचा. काकूंनी काउंटरवर सगळ्यांचा माल एकत्र लावला, घाऊक भाव पाडून घेतला, वर पिशव्या फुकट. मंडळाची वर्गणी काढून पैसे भरले, हिशेब नंतर आपापसांत. दिवाळीचं तेल आणि रवा आणतात तसंच.
जेनीला म्हटलं, रक्कम बघ ना. बघितली म्हणे, गुड. पण वर जातो तो आकडा डोक्यांचा. एक घेणारी, बाकीचे सगळे शून्य. मागच्या महिन्यात तिघांनी तरी घेतलं होतं.
म्हणजे आधीपेक्षा खाली. तेलही गेलं, तूपही गेलं.
तिच्यावर ओरडले. ओरडायला नको होतं. ती म्हणाली, "नेक्स्ट ग्रुप लास्ट, okay?"

शुक्र., १७ एप्रिल
चैन नाही. सेम्बावांग पार्कच्या जेट्टीवर जाऊन उभी राहिले, परत आले, परत गेले. लोक मासे पकडत बसलेले असतात, तासन्‌तास, काही न लागता. मला जमणार नाही.
दुपारी सु.काकूंचा व्हॉट्सॲप कॉल. "काय म्हणाली तुझी मॅडम? खूश?" खूश आहे म्हणणारच होते. पण गणिताच्या बाई. दोन प्रश्नांत काढून घेतलं.
 मग म्हणाल्या, "एकत्र घेतलं की स्वस्त पडतं गं. आम्ही जन्मभर तसंच केलं." आवाज पार पडला होता. मीच समजूत घालत बसले.
शेवटी विचारलं, "पुढचा ग्रुप कुठला?" मिरजेचा म्हटलं. "बरं", आणि फोन ठेवला.

शुक्र., २४ एप्रिल
मिरजेचा ग्रुप आला. विमानतळावर पाटी धरून उभी होते. पहिलेच आजोबा बाहेर आले, जाड भिंगांचा चष्मा, पांढरी टोपी. नमस्कार केला आणि म्हणाले, "अंजलीताई ना? सुलभाबाईंचा निरोप मिळालाय. बिलं वेगळी."
मागच्या बायकांनी माना डोलावल्या. प्रत्येकीच्या हातात छोटी पाकिटं, सिंगापूरच्या नोटा सुट्या करून आणलेल्या. मिरजेतच. काकू घरोघर फिरल्या असणार.
 आपल्याकडे आलेल्या पाहुण्याच्या हातावर काहीतरी ठेवून पाठवतात. इथं पाहुणेच पाकीट घेऊन उभे, माझ्यासाठी.
बसमध्ये माइक हातात घेतला, उजवीकडे झाडं बघा म्हटलं. सगळ्यांनी शहाण्या मुलांसारखं उजवीकडे बघितलं. मग आजोबा हळूच म्हणाले, "ताई, ते दुकान उद्या सकाळीच घेता येईल का? एकदा ते उरकलं की मग मोकळ्या मनानं सिंगापूर बघू."
हो म्हणवेना. नाही म्हणवेना. बघते म्हटलं.
मिलिंदला सांगितलं. तो या वेळी "हं" म्हणाला नाही. म्हणाला, "तुला काय वाटतं?" तेच तर कळत नाहीये.
आधी दुकान की आधी बाग, ड्रायव्हर अंकलना मेसेज करायचाय. दोनदा लिहिला, दोनदा खोडला. दुकानात नेलं तर प्रत्येकाचं बिल होईल, माझं काम राहील. काही सांगावंसुद्धा लागणार नाही. पण खर्च होतील ते त्यांच्या एकुलत्या सहलीचे पैसे. हॉटेलवर सोडलं तेव्हा आजोबांनी पाकीट सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं होतं, सकाळी शोधाशोध नको म्हणून.