कोंबडीबरोबर दोन चमचे

अण्णा, परवा आमच्या कंपनीच्या रेस्टॉरंटात आलेल्या एका पाहुण्याने तंदुरी कोंबडीची प्लेट पुढे ओढली आणि विचारलं, "मॅडम, हिच्याबरोबर कोणती वाइन?" हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं, त्याचाच मला पगार मिळतो. मी सांगितलं, मसाला तिखट असेल तर रेड नको, तिखट आणखी चढतं. त्यापेक्षा जराशी गोडसर व्हाइट गार करून घ्या. नुसत्या मिठावर भाजलेलं, कडेला करपलेलं काही असेल तर मात्र रेडच. त्याने अगदी मन लावून ऐकून घेतलं आणि सगळ्यात महागाची रेड मागवली. तुम्ही असता तर तिथल्या तिथे म्हणाला असता, "मंग इचारलं कशाला?"

धुराची चव मी तुमच्याजवळ बसून शिकले. शहागडच्या आपल्या मळ्यात, गोठ्यामागे, हुरड्यासाठी तुम्ही दर हिवाळ्यात आगटी खणायचा. दिवसभर पाहुण्यांना हुरडा चोळून द्यायचा, आणि ते गेले की त्याच गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर तुमची कोंबडी. आई माळकरी, तिच्या चुलीवर कोंबडी चढणं शक्यच नव्हतं. मीठ, हळद, ठेचलेला लसूण, बस्स. मी घाई करते आहे आणि तुम्ही तंगडी उलटवत म्हणता आहात, "जल्दी करशील तर कच्ची खाशील." मग काळजाचा तुकडा फुंकून फुंकून माझ्या हातावर ठेवता, आणि मी तो गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहता. जगात इतक्या लोकांना खाऊ घालताना पाहिलं, पण खाणाऱ्याकडे असं बघणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

म्हणूनच नोकरीच्या वेळी तुम्ही बोललात ते मला फार लागलं. थोरल्या काकांना दारूने नेलं होतं. हायवेवरच्या धाब्यांवरून त्यांना उचलून आणण्यात तुमचं निम्मं तरुणपण गेलं, आणि त्यांच्या दहाव्याला गोदावरीच्या काठी तुम्ही शब्द दिलात की दारूला हात लावणार नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी नाशिकच्या वाइन कंपनीत निवड झाल्यावर मी नाचतच घरी आले. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "माझ्या भावाला जिनं खाल्लं, ती तू लोकाला वाढून राह्यली. हे बराबर न्हाई." मी वाद घातला, वाइन म्हणजे ती दारू नाही, जेवणाबरोबर घोटघोट घ्यायची असते, तिची चव ओळखायची असते. तुम्ही उसाला पाणी द्यायला निघून गेलात. गावात कुणी विचारलं की सांगायचात, "पोरगी द्राक्षाच्या कंपनीत हाय." खोटं नव्हतंच ते.

पुढच्या हिवाळ्यात मी हट्टाने एक रेडची बाटली घेऊन आले. तुमच्या कोंबडीसाठीच निवडली होती. कितीतरी बाटल्या चाखून, तुमच्या निखाऱ्यांचा वास आठवून. परत निघताना ती तुमच्या हातात दिली. "अण्णा, भाजलेल्या कोंबडीसंगट घ्या. थोडीशी. माझ्यासाठी." तुम्ही बाटली उजेडात धरून बघितलीत आणि कपाटात, तुमच्या खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवलीत. मला एकच हवं होतं, अण्णा. एकदा तुम्ही तुमची कोंबडी आणि माझी वाइन एकत्र चाखावी, आणि मी करते ते काम वाईट नाही एवढं म्हणावं.

पुन्हा घरी आले तर काय बघते? जेवण झाल्यावर तुम्ही फुलपात्र मागवलंत, त्यात माझी बाटली तिरकी करून दोन चमचे ओतलेत, तेवढंच कोमट पाणी घातलंत, डोळे मिटून घेतलंत आणि मिशा पुसल्यात. जसं काही वैद्याने दिलेलं द्राक्षासवच! बाटली उघडून इतके दिवस झालेले, आत चक्क आंबलेलं. मी हसून हसून बेजार. "अहो अण्णा, ही जेवताना घेतेत, अन् पाणी घालत न्हाईत!" तुम्ही शांतपणे बूच लावलंत. "औषध जेवल्यावरच घेत असतेत." मी हसले खरी, पण परतीच्या बसमध्ये रडलेही. वाटलं, यांना माझं काम कधी कळायचंच नाही. आणि तुम्ही गेलात.

या हिवाळ्यात मळ्यात गेले होते. आता आगटी मी पेटवते. आई शेजारी बसून कणसं निवडत होती. बोलता बोलता मी ती द्राक्षासवाची गंमत काढली, तर आई हसली नाही.

"त्यांला काय कळत न्हवतं व्हय?" ती म्हणाली. "नदीवर शब्द दिल्ता. दारू म्हनून पेता येईना, अन् पोरीनं दिलेली टाकवंना. मंग म्हनले, औषध म्हनून घेतो."

आई कणसातला दाणा दाबून बघत पुढे म्हणाली, "पैल्या दिवशी पानी न्हवतं घातलं. तू बाटली देऊन बसमधी बसलीस अन् ह्यांनी कोंबडी भाजली. दोन चमचे घेतली तिच्यासंगट, तू सांगितल्तं तशी. मला म्हनले, बेस लागती. पोरीला सांगू नको, लगीच दुसरी आनंल."

आगटीतून काढलेलं कणीस तसंच हातात धरून बसले मी, अण्णा. हात भाजला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते मी बसमध्ये बसल्याबसल्या होऊनही गेलं होतं. तुम्ही निवाडा दिला होतात, फक्त मला कळू न देता. आनंद झाला, आणि तुमचा इतका राग आला की सांगता सोय नाही. आणली असती ना दुसरी! काय बिघडलं असतं?

हे कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते मला ठाऊक नाही, तेव्हा इथेच राहील. एक मात्र सांगून टाकते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तुमची द्राक्षासवाची गोष्ट सांगते. सगळे पोट धरून हसतात. आता खरं काय ते कळल्यावर ती बंद करायला हवी, पण मी करणार नाही. परक्या माणसांसमोर "माझे अण्णा" असं म्हणायला मला दुसरं निमित्तच मिळत नाही.