एक तारखेच्या आत बाई

६ जुलै २०१५, सोमवार

नोकरी मिळाली. हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत, अकाउंट्समध्ये. आधीची अनुया झाली तेव्हा सोडली होती, आता ती चौदा वर्षांची आहे. एक सप्टेंबरला रुजू व्हायचं. एचआरच्या मिस लिमने माझं टेबल दाखवलं. खिडकीतून फेरीबोटी दिसतात. ती फोन घ्यायला बाहेर गेली तेव्हा खुर्चीत बसून पाहिलं. हे कोणाला सांगणार नाही.

अडचण एकच. अप्पा. सासऱ्यांना आता घरात एकटं ठेवता येत नाही. मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून पेपर आणायला गेले ते बसमध्ये चढले आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वुडलँड्सला पोचले. पेपर खाली लॉबीत मिळतो.

म्हणजे राहती बाई ठेवणं आलं. आमच्या कॉंडोत, म्हणजे सोसायटीत, सगळ्यांकडे आहे. माझ्याकडे नाही, कारण मला कधी लागली नाही. जुलैत बाई शोधायची, ऑगस्टमध्ये ट्रेनिंग द्यायचं, एक तारखेला मी ऑफिसात. यात न जमण्यासारखं काय आहे?

११ जुलै, शनिवार

इथे पहिल्यांदा बाई ठेवणाऱ्यांना सरकारी कोर्स करावा लागतो. ऑनलाइन केला. शेवटी प्रश्न असतात. बाईला खिडकीच्या बाहेर लोंबकळून काचा पुसायला लावाव्यात का? तिला पुरेसं जेवण द्यावं का? सगळे बरोबर. नवऱ्याला रिझल्ट दाखवला. शिरीष म्हणाला, एम.कॉम.नंतर प्रथमच डिस्टिंक्शन.

दुर्लक्ष केलं.

१८ जुलै, शनिवार

एजन्सी. एका मॉलच्या चौथ्या मजल्यावर ओळीने पंधरा-वीस दुकानं, प्रत्येकात सारखे टी-शर्ट घालून बसलेल्या मुली. सुयाती नावाची इंडोनेशियन पाहिली. सहा वर्षं म्हाताऱ्या माणसांचं केलेलं. टॉवेलची घडी घालायला सांगितली. तिने उभी तीनपदरी घातली. आपल्याकडे आधी आडवी दुमडतात. एवढ्यावरून नाकारली असं नाही, पण मी माणूस ओळखते.

शिरीष एस्कलेटरवर म्हणाला, तू बाई शोधतेयस की सून?

२५ जुलै, शनिवार

आज स्काइपवर म्यानमारची मुलगी. सगळ्याला यस मॅम. पोळ्या येतात? यस मॅम. आजोबांचं बीपी घेता येईल? यस मॅम. शेवटी विचारलं, विमान चालवता येतं? यस मॅम.

अनुया मागे उभी राहून हसत होती. म्हणाली, ममा, यू आर सो मीन लाह. नाकारली.

१ ऑगस्ट, शनिवार

आणखी तीन. एकीची नखं. एक फार बोलते. एक अजिबात बोलत नाही.

एजन्सीची मॅडम म्हणाली की आता मुली माझं नाव ऐकून आत जाऊन बसतात. चांगलं आहे. म्हणजे फालतू मुली आपोआप गळतील.

३ ऑगस्ट, सोमवार

चाळण जरा मोठ्या भोकांची घ्यावी, असं ठरवलं. हा माझा स्वतःचा निर्णय आहे. शिरीष काल जे ओरडला त्याचा याच्याशी संबंध नाही.

८ ऑगस्ट, शनिवार

मारिसेल. फिलिपिनो, वय अडतीस. आधीचं कुटुंब लंडनला गेलं म्हणून ट्रान्सफर, म्हणजे इथल्याच दुसऱ्या घरी. मी टॉवेल काढायच्या आत तिनेच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात माणसं किती? कुत्रा आहे का? आजोबा रागीट आहेत का? आणि मॅम, तुम्ही दिवसभर घरी असता का?

उलटतपासणी मला आवडली नाही, पण उत्तर देताना बरं वाटलं. म्हटलं, नाही. मी एक तारखेपासून ऑफिसला जाते. हार्बरफ्रंट.

ती लगेच म्हणाली, ओके मॅम, आय टेक.

मला निवडलं तिने! असो. इंग्रजी चांगलं आहे.

१५ ऑगस्ट, शनिवार

मारिसेल आली. किचनमागची खोली दिली. नवी चादर, पंखा, आणि वेगळा मग. निळा, झाकणाचा. यात भेदभाव नाही, हायजीन आहे. तिला समजावून सांगितलं. संध्याकाळी पाहते तर अप्पा त्याच मगातून चहा पीत होते. म्हणाले, झाकणामुळे गार होत नाही गं.

१७ ऑगस्ट, सोमवार

ट्रेनिंग सुरू. पद्धत सोपी. आधी मी करून दाखवायचं, तिने बघायचं. मग तिने करायचं.

पोळ्या मी केल्या, तिने बघितल्या. भाजी मी चिरली, तिने बघितली. भांडी तिला घासायला देण्याआधी मी विसळून दिली. बाईपुढे खरकटी भांडी टाकायची आपल्याकडे पद्धत नाही, आई पुण्यात तेच करायची. मग तिने घासली. मग मी एकदा पाण्यातून काढली, कारण साबणाचं काही सांगता येत नाही.

पहिला दिवस समाधानकारक.

२० ऑगस्ट, गुरुवार

पाचला उठते. मारिसेल सहाला उठते. मधल्या तासात झाडून, पुसून, कपडे भिजवून होतात, म्हणजे तिला स्वच्छ घरात कामाला सुरुवात करता येते. ती ओट्याशी उभी राहते आणि विचारते, मॅम, नाउ व्हॉट आय डू? म्हटलं, बघ.

कंबर दुखते आहे. बाई ठेवल्यावर आराम मिळतो म्हणतात. मिळेल.

२३ ऑगस्ट, रविवार

तिची सुट्टी. चर्च, मग मैत्रिणी. रविवारी घराचं कसं होईल याची फार काळजी होती, पण रोजच्यासारखंच सगळं झालं. काही फरक जाणवला नाही.

(हे परत वाचलं. यात काही अर्थ काढण्यासारखं नाही.)

२६ ऑगस्ट, बुधवार

अप्पांनी तिला रमी शिकवली. दुपारभर दोघांचा दंगा. ती जिंकली की गाणं म्हणते, आणि आवाज असा की सातव्या मजल्यावरून स्मिता खाली डोकावली. स्मिता बँकेत आहे, अवनी झाल्यापासून रजेवर. दोन महिन्यांत तिलाही बाई लागणार. तिने माझा सल्ला विचारला. तासभर बसवून माणूस कसं पारखायचं ते सांगितलं. ती ऐकत होती, पण लक्ष रमीकडे.

अप्पा आज सकाळपासून एकदाही बस, पेपर किंवा दूध म्हणाले नाहीत.

अनुया म्हणते, ममा, शी गॉट नथिंग टू डू, दॅट्स व्हाय प्लेइंग कार्ड्स. म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे. तर म्हणे, हू इज ट्रेनिंग हू?

३१ ऑगस्ट, सोमवार

उद्या! निळी साडी की पॅंट? पॅंट. मारिसेलला सूचना दिल्या. परत दिल्या. गॅसची मुख्य चावी बंद करून जाणार, जेवण मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं. अप्पा म्हणाले, जा तू निर्धास्त, आम्ही दोघं आहोत एकमेकांना. शिरीषने विचारलं, पॅंटला तिसऱ्यांदा इस्त्री का? सुरकुती होती.

१ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११.

घरी आहे.

बोटॅनिक गार्डन्स स्टेशनपर्यंत व्यवस्थित गेले. प्लॅटफॉर्मवरून सहज घरी फोन केला. उचलला नाही. परत केला. लॅंडलाइन केला. अप्पांचा केला. डोळ्यांपुढे दूध आलं. मग बाथरूम आलं. मग वुडलँड्स. टॅक्सी करून परत.

दोघं बाल्कनीत. ती अप्पांची पायाची नखं कापत होती, फोन आत चार्जिंगला. अप्पा म्हणाले, अगं, विसरलीस काय काही? मारिसेल नेलकटर हातात धरून नुसती बघत राहिली.

परत आले हे बरंच झालं. नखं फरशीवर पडली होती, खाली पेपर घेतला नव्हता. अजून ट्रेनिंग हवं. मिस लिमला ताप आल्याचं कळवलं. तिने विचारलं, सोमवारपर्यंत बरं वाटेल ना? म्हटलं, अर्थात.

७ सप्टेंबर, सोमवार

बाहेर धूर भरलाय, नेहमीचा, इंडोनेशियात जंगलं जाळतात त्याचा. अप्पांना खोकला. अशा वेळी घरातलं जबाबदार माणूस बाहेर पडत नाही. मारिसेलने त्यांना वाफ दिली, मास्क आणले, खिडक्या लावल्या, आल्याचं पाणी केलं. मी लक्ष ठेवून होते. दिवसभर.

खोकला दुपारी थांबला. पण तोवर फोन करून झाला होता. मिस लिम म्हणाली, पुढचा सोमवार शेवटचा.

ठीक. चौदा तारीख. काहीही झालं तरी.

१४ सप्टेंबर, सोमवार

गुरुवारी गणपती. गणपतीच्या आठवड्यात नवी नोकरी कोण सुरू करतं? मोदक, आरती, माणसं. मिस लिमला फोनवर समजावून सांगितलं. तिला वाटलं गणपती हे नातेवाईक आहेत. विचारलं, किती दिवस राहणार? म्हटलं, दीड. मग ती म्हणाली, मॅनेजरशी बोलते.

शिरीष रात्री पेपरमागून म्हणाला, सविता, तुला जायचं आहे ना नक्की?

हा काय प्रश्न झाला? मला किती जायचं आहे हे याला काय माहीत. तिथली खुर्ची फिरती आहे. हात टेकायला दोन्हीकडे सोय आहे. चौदा वर्षं मी ज्या खुर्च्यांवर बसले त्या सगळ्या डायनिंगच्या.

१७ सप्टेंबर, गुरुवार. गणेश चतुर्थी.

उकडीचे मोदक एकहाती केले. मारिसेलने हात पुढे केला होता. म्हटलं, आज नको, आज फक्त बघ. ती बाहेर जाऊन सोफ्यावर बसली. आरतीला स्मिता आली होती, अवनी रडत होती. मारिसेलने तिला उचलून खांद्यावर टाकलं, अवनी आरतीभर गप्प. स्मिता देवाकडे बघत होती की मारिसेलकडे, ते कळलं नाही.

२१ सप्टेंबर, सोमवार

मिस लिमचा फोन. दुसऱ्या कोणाला घेतलं. फार चांगल्या शब्दांत सांगितलं. मीही फार चांगल्या शब्दांत ऐकलं.

तसा हार्बरफ्रंट लांबच पडला असता.

बाथरूममध्ये नळ सोडून बसले थोडा वेळ. बाहेरून मारिसेलने विचारलं, मॅम, यू ओके? म्हटलं, नळ तपासते आहे.

२३ सप्टेंबर, बुधवार

एजन्सीत बोलावलं. मारिसेलला ट्रान्सफर हवी. का? मी तिला एकदाही आवाज चढवून बोलले नाही, उपाशी ठेवलं नाही, खिडकीबाहेर काढलं नाही. एजन्सीच्या मॅडमपुढेच विचारलं, तुला त्रास काय झाला? काम जास्त आहे का?

मारिसेल म्हणाली, नो मॅम. काम नाहीच. मॅम म्हणाल्या होत्या मी ऑफिसला जाते, म्हणून मी हो म्हटलं. मॅम जात नाहीत. मॅम पाचला उठतात, सगळं करतात आणि मग माझ्याकडे अशा बघतात की जणू मी चोरी केली. उद्या सर म्हणतील, ही काय करते बसून? तेव्हा मी काय सांगू? मैत्रिणी हसतात मला. आजोबा फार छान आहेत. आजोबांसाठी एवढे दिवस राहिले.

एजन्सीची मॅडम छताकडे बघत होती. सही केली. अकृतज्ञपणा, दुसरं काय. टॅक्सीत शेजारी बसून मारिसेलने मला टिश्यू दिला. धुरामुळे डोळ्यांत पाणी येतंच.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

मारिसेल कुठे गेली तर सातव्या मजल्यावर. स्मिताकडे! स्मिता म्हणाली, काकू, तुम्हाला राग नाही ना? तुम्ही ट्रेन केलेली, म्हणून डोळे मिटून घेतली.

म्हटलं, राग कसला? निदान माझ्या ट्रेनिंगची कदर झाली.

अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. पत्ते उशीखाली ठेवतात.

५ ऑक्टोबर, सोमवार

नवीन बाई शोधायची. या वेळी कामाची वाटणी पहिल्याच दिवशी. पाचला उठणार नाही. साडेपाचला. अप्पांना मात्र एक मिनिट एकटं सोडायचं नाही.

दुपारी डोळा लागला तेवढ्यात अप्पा गायब. लॉबी, पूल, बसस्टॉप, सगळं धावून पाहिलं. शेवटी स्मिताचा फोन. वर होते. अवनीला मांडीवर घेऊन पत्त्यांतला राजा दाखवत होते.

१२ ऑक्टोबर, सोमवार

अप्पा आता रोज साडेनऊला वर जातात आणि दिवेलागणीला खाली येतात. स्मिताची नोकरी सुरू झाली. ती म्हणते, उलट अप्पांचाच आधार आहे मारिसेलला. जेवतातही तिथेच. स्मिता मालवणची. संध्याकाळी अप्पांच्या मिशीला बांगड्याचा वास येतो. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत.

जेवताना शिरीष म्हणाला, म्हणजे आता अप्पांसाठी बाईची गरजच नाही की. मग स्वतःच बोटांवर सप्टेंबरच्या तारखा मोजल्या. मग माझ्या पानात भात वाढला. तो कधी वाढत नाही.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

अप्पांची बीपीची गोळी खालीच राहिली. मी भाजीला निघाले होते, म्हणून आधी वर गेले. नीट साडी नेसले होते, पर्स होती. मारिसेलने दार उघडलं. मागे सोफ्यावर अप्पा झोपलेले, त्यांच्या पोटावर अवनी झोपलेली. घरात पसारा. सिंकमध्ये भांडी तशीच.

तिने गोळी घेतली, माझ्याकडे पायापासून वरपर्यंत पाहिलं आणि खूष होऊन कुजबुजली, ओह मॅम! टुडे यू गो ऑफिस?

म्हटलं, हो. निघालेच आहे.

मग निघावंच लागलं. ती बाल्कनीत येऊन गेटपर्यंत हात हलवत होती, त्यामुळे भाजीच्या दुकानाकडे वळता येईना. सरळ स्टेशनवर गेले. बाहेर धूर आहे, आत एसी असतो, म्हणून कार्ड लावून खाली प्लॅटफॉर्मवर जाऊन बाकावर बसले. संध्याकाळच्या आत परत जाण्यात अर्थ नव्हता, तिने पाहिलं असतं.

हार्बरफ्रंटच्या गाड्या लागोपाठ येत होत्या. दारं उघडायची, थांबायची, मिटायची. दहानंतर त्या मार्गाला अजिबात गर्दी नसते. बसायला जागा मिळाली असती.